स्वतःच्या जबाबदारीवर

४ जून

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

गेली पाच वर्षं तुझी खबर मला तुझ्या आईच्या कुजबुजीतून मिळते. ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून तुझ्याशी फोनवर बोलते आणि मला काही कळत नाही असं समजते. काल मात्र तुझं नाव थेट माझ्या टेबलावर आलं. याचिकाकर्ता क्रमांक दोन, व्यवसाय परिचारिका. प्रतिवादी सरकार. सरकारतर्फे मी.

आधीच सांगून ठेवतो, खटल्याबद्दल मी तुला एक अक्षर लिहिणार नाही. विरुद्ध बाजूच्या पक्षकाराशी वकिलाने असा पत्रव्यवहार करायचा नसतो. हे पत्र बाप म्हणून लिहितोय. तुझं-माझं नातं मी कोर्टाला आणि खात्याच्या सचिवांना कळवलं आहे. तुमच्या वकिलाने हरकत घेतली नाही. सचिव म्हणाले, "उलट बरंच आहे सर, घरातली माहिती मिळेल." हा माणूस खात्याचा प्रमुख आहे. अशा लोकांची बाजू मांडून मी आयुष्य काढलं.

आता बाप म्हणून विचारतो. घरभेट सेवा बंद झाली, त्यात तुझं काय गेलं? अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, लघवीच्या नळ्या बदलायच्या, माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, जिने चढायचे, जिने उतरायचे. सरकारने दीड पानाच्या परिपत्रकाने यातून तुमची सुटका केली. नोकरी कुणाची गेली नाही. सगळ्यांना रुग्णालयांत घेतलं, डोक्यावर पंखा आला. माणसं अशा वेळी आभार मानतात. तू कोण्या मोडक्या पाठीच्या क्रेनवाल्याला याचिकाकर्ता क्रमांक एक म्हणून पुढे घालून सरकारला कोर्टात खेचलंस.

आणि आधार कशाचा, तर राज्यघटनेचा. याचिकेच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की घटनेने कल्याणकारी राज्याची संकल्पना स्वीकारलेली आहे. हे वाक्य कुणी लिहिलं ते मला ओळखू आलं. कायद्याचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून बेडपॅन उचलायला गेलेल्या मुलीचं वाक्य आहे ते. शेवटपर्यंत शिकली असतीस तर कळलं असतं की घटनेत दोन तऱ्हेची कलमं असतात. एक हक्कांची. ती मोडली तर कोर्टात जाता येतं. दुसरी मार्गदर्शक तत्त्वांची. आजारी, म्हातारे, अपंग यांना राज्याने मदत करावी, लोकांचं आरोग्य सुधारावं, विषमता कमी करावी, असा सगळा सद्भाव तिथे भरून ठेवलेला असतो. आणि त्याच्याच आधी स्वच्छ लिहिलेलं असतं की या तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. घराला दिवाणखाना असावा तशी ती कलमं असतात. पाहुण्यांना दाखवायची. तिथे कुणी झोपत नाही.

कल्याण हा शब्दच मला कधी आवडला नाही. तो तोंडातून निघाला की माणसाचा हात आपोआप दुसऱ्याच्या डोक्यावर जातो.

तू गेलीस त्या दिवशी मी जे बोललो ते मला आठवतं. त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

तुझा,
बाबा

२१ जून

चि. मुलीस,

आशीर्वाद.

पहिल्या सुनावणीला तू मागच्या बाकावर बसली होतीस. पायात नर्सचे पांढरे बूट. कोर्टात यायला दुसरे बूट नव्हते की मुद्दाम घातले होतेस? मुद्दाम असतील तर पीठावर बसलेल्या न्यायाधीश बाईंनी ते पाहिलेही नाहीत. तिथून मागचा बाक दिसत नाही.

तुमचा वकील चांगला मुलगा आहे. पंधरा वर्षांनी बरा वकील होईल. तूर्त त्याला एकाच वेळी कागद चाळणं आणि बोलणं जमत नाही. तो क्रेनवाल्याच्या पाठीचं वर्णन करत होता. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं असेल मला वाईट वाटतंय. मी मनात म्हणत होतो, कायद्यावर ये बाबा, कायद्यावर ये.

मग मी उठलो. कसा बोललो ते तू ऐकलंस. राज्याची तिजोरी, धोरण ठरवण्याचा सरकारचा अधिकार, मार्गदर्शक तत्त्वांना कोर्टात दात नसतात, हे सगळं मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही चुकत नाही. शेवटी खात्याचं शपथपत्र वाचून दाखवलं. सर्व रुग्णांच्या कुटुंबीयांना शुश्रूषेचं प्रशिक्षण देण्यात आलेलं असून, कुटुंबीय व शेजारी यांच्या सहभागातून पर्यायी व्यवस्था कार्यान्वित झालेली आहे. बाईंनी ते लिहून घेतलं आणि अंतरिम स्थगिती नाकारली. अंतिम सुनावणी पावसाळ्यानंतर. तोपर्यंत सेवा बंद राहील. माझ्या धंद्यात याला जिंकणं म्हणतात.

बाहेर पडताना तू माझ्या अगदी जवळून गेलीस. थांबशील असं क्षणभर वाटलं, म्हणून मी गाऊनची घडी घालत उभा राहिलो. ती घडी मला घालता येत नाही. पूर्वी ती आपला कारकून घालून द्यायचा.

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी मुलगी बापाला लिहिते आणि लिहिते काय, तर तीन शब्द. "पुढचं वाक्य वाचा." ना बाबा, ना नमस्कार.

पुढचं वाक्य मला पाठ आहे. कोर्टात दाद मागता येणार नाही, इथे पूर्णविराम नाही, अर्धविराम आहे. तथापि ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती अमलात आणणं हे राज्याचं कर्तव्य असेल. बरं, मग? कर्तव्य असेल. कर्तव्यं पुष्कळांची असतात. मुलीने म्हातारपणी बापाजवळ असावं हेही कर्तव्यच आहे, त्यासाठी मी तुझ्यावर दावा लावला का? ज्या कर्तव्याला शिक्षा नाही ते कर्तव्य म्हणजे सुविचार. शाळेच्या फळ्यावर लिहायचा आणि तास सुरू झाला की पुसायचा.

तिसरा शब्द लिहिल्यावर शाई संपली होती का?

बाबा

१५ जुलै

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तुझ्या आईने बंड पुकारलंय. हे तुला ठाऊक असणारच, किंबहुना त्यात तुझा हात आहे असा माझा दावा आहे.

गेले काही दिवस दुपारी घरी आलो की टेबलावर जेवण झाकलेलं असतं आणि ती नसते. अन्न गार, घर गार. पहिल्यांदा वाटलं बाजारात गेली असेल. मग वाटलं दवाखान्यात. ती सांगत नाही म्हणून मी विचारत नव्हतो. काल विचारलं.

"कुठे असतेस दुपारची?"

"भावजींकडे."

"कोणते भावजी?"

"तुमचे टाचणी."

टाचणी म्हणजे आपला कारकून, हे तुला सांगायला नको. तू लहानपणी त्याच्या मांडीवर बसून माझ्या दाव्यांच्या कागदांना भोकं पाडायचीस. कॉलरला कायम टाचण्या लावलेल्या असायच्या म्हणून नाव टाचणी. माझ्याकडे सत्तावीस वर्षं होता. मग त्याला झटका आला आणि एक बाजू गेली. मी भेटायला गेलो होतो. फळं नेली होती. त्यानंतर कामं निघत गेली.

"त्याच्याकडे तुझं काय काम?" मी विचारलं.

"त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. वहिनी एकट्या आहेत. पूर्वी नर्स यायची, ती आता येत नाही. ती का येत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मी म्हटलं, टाचणी घरभेटीच्या यादीत आहे हे मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही कुणाला विचारलंत?" मी म्हटलं, हे बघ, हा खटला आहे, यात व्यक्ती बघायच्या नसतात. त्यावर तिने ताटावरचं झाकण काढलं, ताट माझ्यापुढे सरकवलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, "मी तर तुमचंच शपथपत्र पाळतेय. कुटुंबीय आणि शेजारी यांच्या सहभागातून, असं लिहिलंय ना त्यात? मी शेजारी."

शपथपत्र तिने वाचलं कुठे? माझे कागद ती कधी वाचत नाही. तू पाठवलंस. चौतीस वर्षांत ही बाई माझ्याशी एकदा मुद्द्याला धरून बोलली, आणि तोही मुद्दा तिला तू पुरवलास.

अन्न मी गारच खाल्लं. गरम करायचं कसं ते मला माहीत नाही असं नाही. इच्छा नव्हती.

बाबा

९ ऑगस्ट

चि. मुलीस,

आशीर्वाद.

परवा त्या बाजूला काम होतं, तेव्हा जाता जाता टाचणीकडे डोकावलो. तुझी आई तुला वेगळं काही सांगेल. ती म्हणेल की मी दोन दिवस आधीपासून पत्ता विचारत होतो. तिच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. तू असे जिने दिवसातून किती वेळा चढायचीस कोण जाणे. मी दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकून उभा राहिलो होतो, तेव्हा वरून उतरणाऱ्या एका बाईने मला विचारलं, "नर्सबाईंच्या ऑफिसातून आलात का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वकिलाला हे जमतं. ती म्हणाली, "मग सांगा त्यांना, आमच्या सासूबाई विचारतात रोज." आणि गेली.

खोली एकच. लोखंडी पलंग खिडकीशी ओढलेला, म्हणजे त्याला समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसावी. गादीवर प्लॅस्टिक, त्यावर चादर. पलंगाच्या दांडीला दोरी बांधलेली, चांगल्या हाताने धरायला. वास होता. वहिनींनी खिडकी उघडली होती, कसलीशी उदबत्तीसारखी कांडी लावली होती, तरी होता. मला पाहून टाचणी हसला. अर्ध्या तोंडाने. त्याने चांगला हात उचलून सलाम केला. पूर्वी मी ऑफिसात शिरलो की करायचा तसा. मला त्याचा फार राग आला. सलाम कसला करतोस, असं मी म्हणालो. तो आणखी हसला.

वळवायची वेळ झाली होती. तुझी आई आली नव्हती, उशीर झाला होता. वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा गुडघा धराल?" माझ्यासारख्या माणसाला कुणी असं काही करायला सांगत नाही, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे मला सुचलं नाही. मी कोट काढला. गुडघा धरला. टाचणीचा गुडघा माझ्या मनगटाएवढा झालाय. वहिनींनी त्याला आपल्याकडे ओढलं आणि त्याची पाठ माझ्या बाजूला आली.

वर्णन करत नाही. तुला माहीत आहे आणि मला त्याची सवय नाही. एवढंच लिहितो की कमरेखाली जी जागा होती तिथे माझी मूठ मावली असती. मी विचारलं, हे पहिल्यापासून आहे का? वहिनी म्हणाल्या, "नर्स यायची तेव्हा लाल डाग होता. ती रोज दाबून बघायची." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "तुमचा काय दोष साहेब, सरकारचं काम आहे."

मी विचारलं, खात्याकडून कुणी शिकवायला आलं होतं का? जखम कशी धुवायची, माणूस कसा वळवायचा? त्या म्हणाल्या, "एक जण आला होता. सही घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी मी सचिवांकडे गेलो. काचेची केबिन, टेबलावर ऊन पडू नये म्हणून पडदे. मी विचारलं, "कुटुंबीयांचं प्रशिक्षण झालंय का?"

"शपथपत्रात आहे ना सर."

"शपथपत्रात आहे ते मला माहीत आहे. मीच वाचून दाखवलंय. झालंय का?"

"नियोजित आहे."

"मग 'देण्यात आलेलं आहे' असं का लिहिलंत?"

तो हसला. मला म्हणाला, "सर, 'देण्यात येणार आहे' लिहिलं असतं तर स्थगिती मिळाली असती. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

मी त्याला असलं काही शिकवलेलं नाही. मी त्याला एवढंच शिकवलं होतं की कोर्टासमोर भविष्यकाळ वापरायचा नसतो. या लोकांना व्याकरण सांगितलं की ते त्याचं हे असं करतात.

यातलं काहीही खटल्यात वापरायचं नाही. हे पत्र बाप म्हणून आहे, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलंय.

बाबा

२ सप्टेंबर

मुलीस,

टाचणीला सरकारी रुग्णालयात हलवलं. ताप उतरेना, बोलावलं तर डोळे उघडेना. जखमेतलं विष रक्तात गेलंय असं डॉक्टर म्हणाले. माझ्याच गाडीतून नेला. मागच्या सीटवर आडवा, डोकं तुझ्या आईच्या मांडीवर. तीन मजले त्याला खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी उतरवला. शेजाऱ्यांचा सहभाग.

तू त्या रुग्णालयात आता वॉर्डात असतेस हे मला ठाऊक नव्हतं. मी औषधाच्या खिडकीवर रांगेत उभा होतो, तेव्हा तुला लांबून पाहिलं. तू त्याच्या पलंगाशी वाकली होतीस. तो तुझ्या बाहीला धरून काहीतरी सांगत होता. मी आत आलो नाही. रांग सोडली असती तर नंबर गेला असता.

एक मला समजत नाही. माणूस घरी असताना त्याला रोज एक नर्स देणं राज्याला परवडत नाही. तोच माणूस सडून इथे आला की त्याला पलंग, डॉक्टर, सलाईन, चार नर्सा, सगळं परवडतं. हे धोरण ज्या कुणी आखलं त्याला मी माझ्या घराचा उकिरडाही आखायला देणार नाही. आणि पावसाळा संपला की त्याचंच समर्थन करायला मला उभं राहायचंय.

बाबा

२० ऑक्टोबर

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तू कोर्टात होतीस, तुला सगळं दिसलं. तरीही लिहितो, कारण मागच्या बाकावरून नीट ऐकू येत नाही आणि बाहेर लोक काहीबाही सांगत फिरताहेत. कुणी म्हणतं म्हातारा भावनेच्या भरात वाहून गेला. कुणी म्हणतं मुलीने फोडला. वकिलांच्या कँटीनमध्ये बसणाऱ्यांना दुसऱ्याची अक्कल मोजण्यापलीकडे धंदा नाही.

पहिली गोष्ट, कायद्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. सकाळभर मी तोच मांडला, आणि उत्तम मांडला. घटना लिहिणाऱ्यांनी ती तत्त्वं मुद्दाम कोर्टाच्या हाताबाहेर ठेवली, कारण राज्याकडे काय आहे आणि काय नाही हे न्यायाधीशाला दिसत नाही, असं मी म्हणालो. अजूनही म्हणतो. बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि ते पुढचं वाक्य वाचलं. तथापि. वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे वाक्य लिहिणारे शहाणे होते की नव्हते?"

"शहाणे होते."

"मग त्यांनी हे शब्द शोभेला लिहिले असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, "शोभेला नव्हे. राज्यकर्त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी." चांगलं उत्तर होतं. तुमच्या वकिलानेही मान डोलावली, मूर्खाने.

मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. ते त्यांच्या विवेकावर सोडू. पण जगण्याचा हक्क तर हक्कांच्याच भागात आहे आणि त्याचं रक्षण माझ्याकडे आहे. जगणं म्हणजे काय हे मला कुठून कळणार? मी ते त्या तत्त्वांतूनच वाचणार. आजाऱ्याला मदत देणं हे राज्याचं कर्तव्य असेल, तर दिलेली मदत काढून घेताना त्याचं काय होतंय हे बघणंही कर्तव्यच आहे. तेव्हा मला एवढंच सांगा, काढून घेतल्यावर त्यांचं काय झालं?"

मी शपथपत्राकडे बोट दाखवलं. परिच्छेद अकरा.

त्यांनी परिच्छेद अकरा उघडला. सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्हाला मी तीस वर्षं ओळखते. हे अधिकाऱ्याचं शपथपत्र आहे. हेच विधान तुम्ही कोर्टापुढे स्वतःच्या जबाबदारीवर करता का?"

हा प्रश्न काय असतो ते तू कायदा पुरा शिकली असतीस तर तुला कळलं असतं. शपथपत्र पक्षकाराचं असतं. ते खोटं निघालं तर पक्षकार बघून घेतो, वकिलाने वाचलं, वाचून दाखवलं, संपलं. वकिलाने स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं विधान मात्र त्याचं स्वतःचं असतं. आजवर असं विधान मी पुष्कळ वेळा केलं, आणि माझ्या शब्दावर कोर्टाने कागद न बघता हुकूम काढले. तो शब्द ही माझी एकच चीज आहे जी मला बापाकडून मिळाली नाही आणि कुणी मला बक्षीस दिली नाही.

सचिव माझ्या मागे उभा होता. त्याने पुढे वाकून कानात सांगितलं, "हो म्हणा सर."

मी म्हणालो, "नाही."

बाईंना वाटलं मला प्रश्न नीट ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. मी म्हणालो, "हे विधान मी स्वतःच्या जबाबदारीवर करू शकत नाही. प्रशिक्षण झाल्याचं मला आढळलं नाही."

"मग या रुग्णांची शुश्रूषा सध्या कोण करतंय?"

"माझ्या माहितीतल्या एका घरात माझी बायको करते. इतरांचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

कोर्टात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मागे सचिव खाली बसला, तेव्हा खुर्चीचा आवाज झाला तेवढाच.

मी तुझ्याकडे पाहिलं असं तुझी आई म्हणते. मी घड्याळाकडे पाहिलं. ते तुझ्या डोक्यावरच आहे.

बाबा

१८ नोव्हेंबर

चि. मुलीस,

आशीर्वाद.

निकाल वाचला. दोनदा वाचला. एकूण बेताचा आहे. पहिली वीस पानं भावनिक आहेत, मधली दहा पुनरुक्ती. कल्याणकारी राज्य ही घटनेने राज्यावर टाकलेली जबाबदारी आहे, राज्याने केलेला उपकार नव्हे, हे वाक्य वर्तमानपत्रांनी छापलं. छापणारच, त्यांना एवढंच समजतं. माझ्या मते निकालाचं सगळं बळ एका साध्या परिच्छेदात आहे आणि तो कुणी छापला नाही. त्यात बाई म्हणतात की राज्य गरीब असू शकतं, राज्याला निवड करावी लागते, त्यात कोर्ट पडणार नाही. पण ज्याचा हात धरला त्याचा हात सोडताना राज्याने निदान खाली बघावं, आणि बघितलं असं खोटं सांगू नये. यावर अपील करणारा वकील मला दाखव. मी केलं असतं तर तेवढ्यापुरतं मीही हरलो असतो.

घरभेट सेवा सोमवारपासून सुरू. क्रेनवाल्याने कोर्टाबाहेर चाकाच्या खुर्चीतून माझा हात धरून आभार मानले. मी त्याला सांगितलं की मी तुझ्या विरुद्ध होतो. तो म्हणाला, "माहीत आहे साहेब, तुमचं भाषण छान झालं." अशा माणसांचं काय करायचं?

सरकारी वकिलांच्या यादीतून मला काढल्याचं पत्र आलं. एका ओळीचं, सहीखाली त्याच सचिवाचं नाव. भाषा चुकलेली आहे. मी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलं.

त्यामुळे आता दुपारी मी रिकामा असतो. टाचणी घरी आलाय. जखम भरतेय, पण फार हळू, आणि पुढे कुणी आळस केला तर पुन्हा उघडेल असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझ्या आईच्या गुडघ्यांना ते तीन मजले झेपत नाहीत, म्हणून मी जातो. वहिनी खांदा धरतात, मी कंबर. मी त्याला वळवताना तो दोरी धरून कण्हतो आणि मग हसतो. त्याला बोलायला वेळ लागतो. काल बराच वेळ घेऊन म्हणाला, "साहेब, धरता... फायलीसारखं." तुझी आई म्हणते मी चुकीचं धरतो. वहिनी काही म्हणत नाहीत, त्या अजून मला साहेब समजतात. दोघी मिळून मला जे शिकवतात त्याला प्रशिक्षण म्हणणं माझ्या तोंडातून निघायचं नाही.

सोमवारच्या घरभेटींच्या याद्या लागल्यात. टाचणीच्या भागाला तुझं नाव आहे. तू मागून घेतलंस की लागलं, हे मी विचारत नाही.

तू येशील तेव्हा मी तिथे असेन. आल्यावर माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, काम आहे ते कर. पण मी कंबर कुठे धरतो ते एकदा बघ, आणि चुकत असेल तर माझा हात उचलून जिथे ठेवायचा तिथे ठेव.

बाबा